चहा, नमस्कार आणि चार पैसे

आवडीचा धंदा करावा, म्हणजे कष्ट जाणवत नाहीत, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मागे आमच्याकडे शेजारच्या गावच्या बचत गटातल्या चौघी जणी आल्या होत्या. म्हणाल्या, "काकू, तुम्हाला चहाची आवड, आसनांची आवड, आणि दोन्हींवर तुम्ही संसाराला हातभार लावलात. आम्हालाही सांगा की, कसं जमवलंत." त्यांना जे सांगितले तेच तुम्हालाही सांगते. पण आधी बजावून ठेवते, की ही मोठ्या यशाची कहाणी नव्हे. बंगला बांधला नाही, गाडी घेतली नाही. मुलीच्या वसतिगृहाची फी भागली आणि सोसायटीचे थकलेले हप्ते गेले, एवढेच. आणि त्या आवडीचे पुढे काय झाले तेही सांगणार आहे. ते सहसा कुणी सांगत नाही.

माझे माहेर आणि सासर दोन्ही खटाव तालुक्यातले, औंधच्या आसपासचे. औंध म्हणजे जुने संस्थान. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांचे वेड होते. स्वतः रोज घालीत, घरच्यांना घालायला लावीत, आणि संस्थानच्या शाळांतून मुलामुलींनाही घालायला लावीत. १९३८ साली त्यांचे नमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक थेट लंडनला छापले गेले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, पण त्या शाळांतून शिकलेल्या पोरांच्या अंगातला नेम काही गेला नाही. माझे वडील, आमचे तात्या, त्यांतलेच एक. पहाटे गुरांपुढे वैरण टाकली की गोठ्यापुढच्या अंगणात पंचवीस नमस्कार. आम्ही चौघी बहिणी त्यांच्या मागे रांगेत. थंडी असो, तालुक्याला दुष्काळ असो, घरात मयत झालेली असो, नमस्कार चुकायचे नाहीत. त्याला तात्या योग म्हणत नसत. व्यायाम म्हणत. आता सूर्यनमस्कार योगात धरतात. जाणकारांनी त्यावर वाद घालावा, माझ्या पाठीला दोन्ही सारखेच लागू पडले.

लग्नानंतर मी नमस्कार न्हाणीमागच्या आडोशाला घालीत असे. सुनेने अंगणात उभे राहून हात वर करायचे, ते त्या काळी चालण्यासारखे नव्हते. पुढे आमच्या गावी हायस्कूलचे एक सर निवृत्तीनंतर घर बांधून राहिले. त्यांनी लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिक्षण घेतलेले होते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली ती संस्था तुम्ही ऐकून असाल. सरांकडे मी आसने, प्राणायाम असे पहिल्यापासून शिकले. त्यांच्याच सांगण्यावरून नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका केली. चाळिशी उलटल्यावर परीक्षेला बसले, तेव्हा केंद्रावरच्या मुलींना मी पर्यवेक्षिकाच वाटले.

चहाची आवड मात्र कुणी शिकवावी लागली नाही. माहेरी दूध डेअरीला जायचे, म्हणून आम्हा पोरांच्या वाट्याला कोरा चहा, गुळाचा. त्यात गवती चहाची दोन पाती दुमडून टाकलेली आणि आले ठेचून. आधणाला उकळी फुटली की तो वास सगळ्या घरात भरायचा. अजूनही मला त्या वासाने जाग येते. चहा कुणी किती उकळला, पूड आधी टाकली की साखर, हे मी घोटावरून सांगू शकते. कौतुक म्हणून नव्हे, पण प्रत्येकाला एखादी गोष्ट कळते, तशी मला ही कळते.

सर चहाच्या विरुद्ध होते. "आसने करता आणि वर चहा पिता, म्हणजे एका हाताने बांध घालता आणि दुसऱ्याने फोडता," असे म्हणायचे. मी ऐकून घेई आणि घरी येऊन आधण ठेवी.

आता धंद्याचे. २०१७ साली आमच्या अर्ध्या एकर आल्याला कंदकूज लागली. ज्यांनी आले केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. बेणे, शेणखत, ठिबक, सगळे पैसे जमिनीत गेलेले, आणि वरून हिरवा दिसणारा फड आठवड्याभरात पिवळा पडतो. गड्डा उपटला तर हाताला पाणी लागते. सोसायटीचे कर्ज डोक्यावर राहिले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी मुलीला साताऱ्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. मालक म्हणाले, "एक गाय विकू." गाय विकली की रोजचे दूध गेले, म्हणजे पुढच्या वर्षी काय विकायचे हा प्रश्न तसाच. मी त्यांना म्हटले, "मला जे येतं त्याचे पैसे होतात का बघू."

मला काय येत होते? चहा आणि नमस्कार. आणि नेमक्या याच दोन गोष्टी आपल्याकडे फुकट द्यायच्या असतात. चहा हा पाहुणचार, आणि योग हे पुण्यकर्म. दोन्हींचे पैसे मागायचे म्हणजे गावाच्या तोंडाला लागायचे.

थोरल्या दिरांनी तर सरळ विचारले, "आपल्या दारात आल्याला माणूस च्या पिऊन जातो. त्याच्याकडनं पैसं घ्यायचं व्हय? म्हाताऱ्याच्या नावाला गाव काय म्हणंल?" म्हातारा म्हणजे माझे सासरे. त्यांनी ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आलेल्या परगावच्या माणसांनाही घोटभर चहा दिला होता, हे गावात अजून सांगतात. दीर बोलले त्यात खोटे काही नव्हते. म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला नाही. पण मनात विचार पुष्कळ केला, आणि तो तुमच्यापुढे मांडते.

चहा हा आपला पूर्वापार पाहुणचार नव्हेच. आपल्या पणजीच्या घरी पाहुण्याला गूळ-पाणी मिळे. आसामातला चहा पहिल्यांदा लिलावाला निघाला तो १८३९ साली, आणि तोही लंडनला. इकडे १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांना धर्मपीठापुढे जाब देण्याची आणि प्रायश्चित्ताची पाळी आली. चहापेक्षा तो मिशनऱ्यांच्या हातचा होता याचा राग, हे खरे. पण एका कपावरून किती रामायण! पुढे १९३० नंतर मळेवाल्यांच्या मंडळाची माणसे बाजारात आणि स्टेशनांवर चहा करून दाखवीत आणि लोकांना फुकट पाजीत. गोडी लागल्यावर पुड्या विकल्या. त्याच सुमारास आसामात सीटीसी यंत्र निघाले. पाने कातरून, चुरून त्याचे दाणे करायचे, म्हणजे थोड्या पुडीत रंग येतो आणि दूध-साखर पेलते. तीच दाणेदार पूड पुढे स्वस्तात खेड्यापाड्यांत आली. म्हणजे बघा, जो चहा विकण्यासाठीच आपल्याला पाजला गेला, त्याचे पैसे घेताना आपल्यालाच लाज वाटायला लागली.

योगाचेही तसेच. मुंबईला योगेंद्रजींनी १९१८ साली योगाची संस्था काढली. अय्यंगार गुरुजी १९३७ साली पुण्याला आले ते शिकवून पोट भरण्यासाठीच, आणि पहिली वर्षे त्यांनी हलाखीत काढली. फी घेतली म्हणून त्यांच्या विद्येला काही उणेपणा आला नाही. दुसऱ्या बाजूला नागपूरच्या जनार्दन स्वामींनी फुकट शिकवले, आणि त्यांची थोरवी कोण नाकारील? पण स्वामी संन्यासी होते. त्यांच्या मुलीची वसतिगृहाची फी भरायची नव्हती.

एवढा विचार झाल्यावर मी उंबऱ्याचा नियम केला. उंबऱ्याच्या आत जो येईल त्याला चहा पाहुणचाराचा, पूर्वीसारखाच. रस्त्यापलीकडे चिंचेखाली आमचीच पडीक जागा होती, समोर दूध संकलन केंद्र आणि शेजारी एसटीचा थांबा. तिथे पत्र्याची टपरी घातली. तिथला चहा पैशाचा. मग तो चुलत भाऊ असो की सरपंच असो. थोरले दीर आजतागायत त्या टपरीवर चहा प्यायलेले नाहीत. अकराच्या सुमारास घरी ओसरीवर येऊन बसतात, आणि मी टपरीवरून येऊन त्यांना घरातला चहा करून देते. चहा तोच, हातही तोच. त्यांनीही विषय काढला नाही, मीही काढला नाही.

टपरी घालायच्या आधी महिनाभर मी वही घातली होती. हे मी प्रत्येकीला सांगते. घरचे दूध फुकट धरायचे नाही, डेअरीचा जो दर असेल तो लावायचा. माझ्या वहीतला २०२२ सालचा हिशेब देते. एका कपाला ५० मिलिलिटर दूध, डेअरीच्या ३४ रुपयांच्या दराने १ रुपया ७० पैसे. साखर दहा ग्रॅम, ४० पैसे. पूड दोन ग्रॅम, ४०० रुपये किलोची, ८० पैसे. गॅस ६० पैसे. आले, वेलदोडा, सांडलवंड मिळून ५० पैसे. झाले चार रुपये. कप दहाला. सहा रुपये सुटतात असे वाटते, पण दिवसाला किती कप जातात यावर सगळे. पहिला महिना वीस-पंचवीस कप, पुढे पन्नासच्या आसपास. त्यातून उधारी वजा करा. चहाची उधारी फार वाईट. दहा रुपये मागायला आपल्याला लाज वाटते आणि द्यायला त्याला आठवण राहत नाही. मी खडूने पत्र्यावर नाव लिहायची. नाव वाचून दुसरा हसला की तिसऱ्या दिवशी पैसे यायचे.

टपरीवर चव रोज तीच लागते. घरी चहा कधी कडक, कधी पाणचट झाला तरी कुणी बोलत नाही. गिऱ्हाइकाला मात्र काल लागली तीच चव आज हवी असते, आणि सकाळी साडेसहाला दूध घालायला आला की चहा तयार हवा असतो. साडेसहा म्हणजे साडेसहा. अंगात ताप असला तरी. मला चहाची किती आवड आहे याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. तो पैसे देतो ते माझ्या वेळेवर असण्याचे. हे समजायला वेळ लागत नाही, अंगी बाणवायला लागतो. तिथे मला तात्यांचे नमस्कार कामी आले. ज्याला रोज पहाटे उठायची सवय लहानपणी लागली, त्याचा निम्मा धंदा तिथेच झाला.

आता वर्गाकडे वळते, कारण खरी कसोटी तिथे होती.

२०१४ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी योग दिवस ठरवला आणि २०१५ च्या २१ जूनला तो पहिल्यांदा झाला. आमच्या शाळेच्या पटांगणातही सतरंज्या पडल्या, फोटो निघाले, केळी वाटली. दीडशे माणूस होते. दुसऱ्या दिवशी सर पहाटे पटांगणात जाऊन उभे राहिले. एक कुत्रे आणि मी. म्हणून वर्ग काढायचा ठरवला तेव्हा मला माहीत होते, की बायांना योग चांगला आहे हे सांगून उपयोग नाही. त्या म्हणणार, आणि म्हणाल्याच, "आम्ही दिवसभर वाकतोच की गं! आम्हाला आणि कशाला आसनं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शेतातल्या बाईला हालचाल कमी पडत नाही. पण ती हालचाल सगळी एकाच बाजूची असते. खुरपायला बसली तरी पुढे वाकून, ज्वारी काढताना पुढे वाकून, भांडी, धुणे, झाडलोट, भाकरी, सगळे पुढेच. पाठीचा कणा मागे कधी जातच नाही. त्यात डोक्यावर भारा. म्हणून मी त्यांना वाकायची आसने जवळजवळ शिकवलीच नाहीत. मकरासन, भुजंगासन, शलभासन, म्हणजे पालथे पडून छाती किंवा पाय हळूहळू उचलायचे, झेपेल तेवढेच. मांडी घालून ताठ बसून श्वास. आणि शेवटी शवासन.

शवासन हेच त्यांना सगळ्यांत अवघड गेले. दहा मिनिटे उताणे पडून काही करायचे नाही, हे त्यांना सोसेना. एक डोळा उघडून बघायच्या, कुणी बघत नाही ना. आमच्यातली एक पन्नाशीची बाई तिसऱ्या दिवशी शवासनात रडायला लागली. मला वाटले कुठे दुखले. म्हणाली, "लगीन झाल्यापासनं आजाराबिगर पाठ टेकली न्हवती." बाकीच्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कुणी डोळा उघडला नाही.

वेळ मी माझ्या सोयीने ठरवली नाही. घरोघर विचारले. पहाटे पाच ते पावणेसहा, हीच एक वेळ निघाली. त्यानंतर धारा, पाणी, शाळेचे डबे. जागा मारुतीच्या देवळाचा सभामंडप. फी महिन्याला १५० रुपये. "देवळात बसून पैसं घेती" असेही ऐकले. मी देवळाच्या दानपेटीत महिन्याला शंभर रुपये टाकायला सुरुवात केली, तेही सगळ्यांसमोर. बोलणे थांबले. ज्या दोघी-तिघींकडे रोख नसायची त्या काही ना काही आणायच्या. एकीने हिवाळाभर तुळस आणली, एकीने शेणी थापून दिल्या. चुलत सासूबाई येत, त्यांनी फी म्हणून दर महिन्याला एक शेर घेवडा आणून ठेवला. मी तो वहीत लिहिला, बाजारभाव लावून. त्या म्हणाल्या, "पोरी, माझा घेवडा पण लिवतीस?" मी म्हटले, "आत्याबाई, लिहिला नाही तर तुम्ही फुकट आलात असं होईल." त्यांना ते पटले, इतके की पुढच्या महिन्याला शेराला ओंजळभर वर घातले.

पैसे घेतले की जबाबदारी येते. आधी बारीकसारीक विचारपूस करते. गरोदर आहे का, रक्तदाब आहे का, पोटाचे ऑपरेशन झाले आहे का. अशांना मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही. गावातली एक बाई आली. कंबरेतून कळ निघून पायात जायची आणि पायाचे बोट बधिर झाले होते. म्हणाली, दवाखान्यात हजारो जातात, तू १५० मध्ये बरी कर. मी तिला सरळ सांगितले, हे माझे काम नव्हे, आधी डॉक्टरांना दाखव. तिला वाटले मी तिला टाळते. तिने एकमेकींत सांगितले, की हिला फक्त धडधाकट बाया पाहिजेत, नुसत्या फीपुरत्या. पुढे तिने उपचार घेतले, आता ती बरी आहे असे ऐकते. माझ्याशी बोलत नाही. रस्त्यात समोर आली तर पदर सारखा करून निघून जाते. धंद्यात हे धरून चालावे लागते, पण मला ते अजून लागते.

आणखी एक सांगते, आणि हे चहा विकणारीच सांगते आहे. जेवणाबरोबर किंवा भाकरी खाल्ल्या खाल्ल्या चहा पिऊ नका. चहातल्या तुरटपणामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांत रक्त कमी आढळले होते. मेथी-पालक खायची आणि वरून चहा ढोसायचा, म्हणजे सरांचे ते बांधाचे बोलणे इथे खरे ठरते. जेवणानंतर तासभर जाऊ द्या. टपरीवर शिळी भाकरी चहात बुडवून खाणारे येतात, त्यांनाही मी हे सांगते. ते हसतात आणि बुडवतात.

गवती चहाचा धंदा मात्र ओघाने आला. टपरीवर कोऱ्या चहात मी पात टाकत असे. यमाईच्या डोंगरावर जाणारे सातारा-कराडकडचे लोक तो पिऊन विचारू लागले, वाळलेली पात मिळेल का. आपल्याकडे गवती चहाचा ठोंब कुठे असतो ते तुम्हाला माहीतच आहे. न्हाणीच्या मोरीवर. साबणाच्या पाण्यावर तो जोमाने वाढतो, आणि घरी आपण तोच वापरतो. विकायचा म्हटल्यावर ते चालणार नाही. मी विहिरीच्या कडेला दोन गुंठ्यांत पावसाच्या तोंडावर नवे ठोंब लावले. त्याला फार पाणी लागत नाही, गुरे सहसा तोंड लावत नाहीत. पहिली कापणी चार-पाच महिन्यांनी, मग अडीच-तीन महिन्यांनी. जमिनीपासून वीतभर वर कापावा, म्हणजे ठोंब मरत नाही. पात सावलीत वाळवायची. उन्हात टाकली की रंग जातो आणि ज्याच्यासाठी लोक घेतात तो वासही उडतो. पाच किलो ओल्या पातीचे जेमतेम किलोभर वाळवण होते.

२०१९ साली अन्नसुरक्षेची नोंदणी केली. छोट्या धंद्याला तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. तिथे एक नवी गोष्ट समजली. कायद्याने चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस नावाच्या झुडपाचे पान. आपला गवती चहा हे गवत. म्हणून पाकिटावर मी "गवती चहाची वाळलेली पात" असे लिहिते, नुसते "चहा" लिहीत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले. टपरी बंद, देऊळ बंद, वर्ग बंद. पण काढ्याचे दिवस आले. तुळस, दालचिनी, सुंठ, मिरे असा काढा घ्यावा असे आयुष मंत्रालयाने सांगितले होते, आणि लोक त्यात गवती चहाही टाकू लागले. त्या वर्षी फी भागली ती पातीवर. एकाने सुचवले, पाकिटावर "करोनावर गुणकारी" असे छापून घ्या, दुप्पट भावाने जाईल. मुलगी तेव्हा शिकाऊ परिचारिका म्हणून वॉर्डात उभी होती. तिची आई असले काही छापणार नव्हती.

आता त्या आवडीचे. पूर्वी पहाटेचा तास माझा एकटीचा होता. पंचवीस नमस्कार, मग अंगणात बसून एक कप चहा, आणि मग संसार. आता पहाटे पाचला मी दुसऱ्यांचे श्वास मोजते, कुणाची मान आखडली, कुणाचा गुडघा वाकडा पडला ते बघते. माझे नमस्कार त्यात होत नाहीत. शिकवणे म्हणजे करणे नव्हे. आणि चार तास शेगडीपुढे उभे राहिल्यावर चहा प्यावासाच वाटत नाही. मालक दुपारी विचारतात, "तुला ठेवू का गं कप?" मी नको म्हणते. ज्या वासाने जाग यायची, त्या वासाची आता मला किंमत सांगता येते, कपाला चार रुपये. याचे दुःख करावे की नाही ते मला ठरवता येत नाही. मुलगी शिकली, सोसायटीचा दाखला कोरा झाला, हे त्याच चहाने केले. रविवारी वर्ग आणि टपरी दोन्ही बंद ठेवते. त्या दिवशी तात्यांसारखे पंचवीस घालते, आता अंगणातच. सासूबाई ओसरीवरून बघतात आणि मोजतात. एखादा चुकला तर सांगतात.

मुलगी आता साताऱ्याला नोकरीला आहे. म्हणते, "आई, आता टपरी बंद कर. वर्ग चालव हवा तर, पण फी घेऊ नकोस, लोक मान देतील." मालकांचेही तेच म्हणणे आहे. थोरले दीर काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात काय आहे ते मला माहीत आहे. मी वर्गातल्या बायांना सहज विचारून पाहिले, की फुकट केला तर? पन्नाशीची ती बाई, शवासनात रडलेली, पटकन म्हणाली, "नगं. फुकट असलं तर घरातली म्हणत्याल, आज ऱ्हाऊ दे, काम हाय. पैसं भरल्यात म्हटलं की सोडत्यात."

त्यामुळे फी चालूच ठेवली आहे. टपरीचे अजून ठरत नाही. पौषात यमाईची यात्रा असते, त्या दिवसांत रस्ता माणसांनी वाहतो. तोवर चालवीन म्हणते. शेजारच्या वस्तीवरची एक पोर चहा शिकायला रोज साडेसहाला येऊन उभी राहते. परवा तिने साखर आधी टाकली की पूड, ते मी घोटावरून ओळखले, आणि तिने दुसऱ्या दिवशी न सांगता बदलले. तिने वहीही घातली आहे. दूध त्यांच्या घरचेच आहे. डेअरीच्या दराने लिहिते का, ते अजून बघितले नाही.